पार्सलांची कपाटे आणि एका कंपनीची वाढ

(वाणिज्य मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाणिज्य मंडळाच्या मुलांनी मला बोलण्याचा आग्रह केला आणि विषय माझ्यावरच सोपविला. मी व्यापारी नव्हे. इतिहास आणि भाषा शिकविणारा शिक्षक आहे. तथापि आपल्या शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुले आज पाठीवर भली मोठी पिशवी अडकवून मोटारसायकलवरून घरोघर पार्सले पोहोचविताना आपणा सर्वांना दिसतात. दिवसभरात किती पार्सले झाली, हे ती मुले चटकन सांगतात. परंतु एक पार्सल एका दारापर्यंत नेण्यास खर्च किती येतो, तो कोण सोसतो आणि तो कमी कसा करता येईल, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. म्हणून आज मी एका परदेशी कंपनीची हकीकत आपल्यापुढे ठेवणार आहे. कंपनीचे नाव इनपोस्ट, देश पोलंड. रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या, विजेवर चालणाऱ्या लोखंडी कपाटांतून लोकांना पार्सले देणारी ही कंपनी आहे.

या कंपनीविषयी लिहिणारे बहुतेक जण त्या यंत्राचेच कौतुक करतात. मला ते पटत नाही. यंत्र हे निमित्त झाले. खरी गोष्ट आहे ती वाटपाची, आणि त्याहूनही दाटीची. दाटी म्हणजे काय, ते पुढे ओघाने येईलच.

पोलंडमध्ये १९८९ साली साम्यवादी राजवट संपली आणि खासगी धंद्याला मोकळीक मिळाली. त्यानंतर दहा वर्षांनी, १९९९ साली, क्राकुफ शहरातील अर्थशास्त्राच्या विद्यापीठात शिकणाऱ्या राफाऊ ब्झोस्का नावाच्या तरुणाने 'इंटेगेर' ही कंपनी काढली. त्याचा जन्म १९७७ चा, म्हणजे तेव्हा वय अवघे बावीस. या कंपनीचे काम काय, तर दुकानांच्या जाहिरातींचे कागद घरोघरच्या पेट्यांत टाकणे. आपल्याकडे वर्तमानपत्रात घालून येतात तसलेच हे कागद. या धंद्यात मान नाही, नफाही बेताचा. पण त्यात एक गोष्ट फुकट शिकावयास मिळते. कोणत्या गल्लीत किती इमारती, कोणत्या इमारतीत किती पेट्या, एका माणसाला एक वस्ती पुरी करावयास किती वेळ लागतो आणि तो कागद खरोखर वाटतो की कचऱ्यात टाकतो, हे सारे त्यात कळते. पुढे जे घडले त्याचे बी येथे आहे, असे मी मानतो.

२००६ साली त्याच गटातून इनपोस्टचा जन्म झाला. कागद वाटणारी माणसे आता पत्रे वाटू लागली. पण येथे कायदा आडवा आला. पन्नास ग्रॅमपर्यंतच्या पत्रांच्या वाटपाचा हक्क तेव्हा पोलंडच्या सरकारी टपाल खात्याकडे राखीव होता. साधे पत्र म्हणजे एक-दोन कागद आणि पाकीट. ते पन्नास ग्रॅम कोठून भरणार? म्हणजे पत्रांचा जवळजवळ सारा धंदा सरकारी खात्याकडे. कंपनीने यावर काढलेली तोड ऐकून आपल्याला हसू येईल. तिने प्रत्येक पत्राला धातूची एक लहानशी पट्टी जोडली. वजन पन्नास ग्रॅमच्या वर गेले आणि पत्र कायद्याच्या बाहेर पडले. विजेचे बिल, टेलिफोनचे बिल, बँकेचा हिशेब अशी पत्रे लोखंडाचा तुकडा अंगावर घेऊन घरोघर जाऊ लागली.

मुलांना हा प्रकार भारी हुशारीचा वाटतो. मला त्याविषयी थोडा संकोच वाटतो. कायद्याचा शब्द पाळून त्याचा हेतू बाजूला सारणे ही काही शिकविण्याजोगी गोष्ट नव्हे. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पोलंड २००४ साली युरोपीय संघात गेला होता आणि संघाचे धोरण टपालाची मक्तेदारी पायरीपायरीने संपविण्याचे होते. राखीव वजनाची मर्यादा आधी ३५० ग्रॅम होती, मग १०० झाली, २००६ पासून ५० झाली, आणि पोलंडला हा बाजार पूर्ण खुला करण्यासाठी २०१२ अखेरपर्यंतची मुदत होती. १ जानेवारी २०१३ पासून पट्टीची गरज उरली नाही. म्हणजे जो दरवाजा उघडणारच होता, त्याच्या फटीतून ही कंपनी सहा वर्षे आधी आत शिरली. शिवाय त्या पट्टीचा आणि तिच्या वजनाचा खर्च तिने स्वतः सोसला, हेही विसरता कामा नये.

मित्रांनो, पत्रांचा धंदा तेव्हाच उतरणीला लागला होता. लोक संगणकावरून निरोप धाडू लागले होते. उलट पार्सले वाढत होती, कारण १९९९ सालीच पोझ्नान शहरात 'आलेग्रो' नावाचा संगणकावरील बाजार सुरू झाला होता आणि पोलंडचे लोक घरबसल्या खरेदी करावयास शिकले होते. मात्र खरेदी घरबसल्या झाली तरी माल घरी येईल तेव्हा घरात कोणी असले पाहिजे ना! पोलंडच्या शहरांत साम्यवादी काळात बांधलेल्या चार-पाच ते दहा-अकरा मजली इमारतींच्या मोठमोठ्या वसाहती आहेत. नवरा-बायको दोघेही दिवसा कामावर. टपालवाला येई, दार वाजवी, कोणी नसले की एक चिठ्ठी टाकून जाई. या चिठ्ठीला तिकडे 'आविझो' म्हणतात. मग ती चिठ्ठी घेऊन टपाल कचेरीत रांगेत उभे राहावयाचे. आविझो हा शब्द तेथे कपाळाला आठ्या घालूनच उच्चारला जातो.

२००९ साली कंपनीने पहिली कपाटे उभी केली आणि त्यांना नाव दिले 'पाच्कोमात'. पाच्का म्हणजे पार्सल. कल्पना तिची स्वतःची नव्हे. शेजारच्या जर्मनीत टपाल खात्याने २००१ सालीच अशी यंत्रे बसविण्यास प्रारंभ केला होता. पहिला मान जर्मनांचा. तरीही आज या धंद्याचे नाव काढले की पोलंडचे नाव पुढे येते. असे का व्हावे, हाच आजच्या भाषणाचा मुद्दा आहे.

प्रथम यंत्र समजून घेऊ. बँकेतील लॉकरची भिंत आपण पाहिली असेल. तशीच लहानमोठ्या दारांची एक भिंत, पण रस्त्यावर, दुकानाच्या बाजूला, पेट्रोलपंपाजवळ, पावसापाण्यात उभी. खण तीन आकारांचे. लांबी-रुंदी तिन्हींची सारखीच, ६४ आणि ३८ सेंटिमीटर. फरक उंचीत, ८, १९ आणि ४१ सेंटिमीटर. वजनाची मर्यादा २५ किलो. कंपनीचा माणूस गाडी लावतो, पार्सलावरील पट्ट्यांची खूण यंत्राला दाखवितो, योग्य आकाराचे दार आपोआप उघडते, तो पार्सल ठेवून दार लावतो. लगेच ग्राहकाच्या मोबाइलवर निरोप जातो. ग्राहक रात्री बारा वाजता जावो की पहाटे पाचला. आकडे दाबले अथवा मोबाइलवरील खूण दाखविली की त्याचे दार उघडते. नंतरच्या काही यंत्रांना पडदाही नाही, सारे काम मोबाइलवरूनच होते. ग्राहकाला साधारणपणे ४८ तासांची मुदत असते.

आता मी फळ्यावर थोडे गणित मांडतो. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत, कंपनीच्या वहीतले नव्हेत. समजा, एका माणसाचा कामाचा दिवस आठ तासांचा, म्हणजे ४८० मिनिटांचा. एका दारी जावयाचे, गाडी लावावयाची, जिना चढावयाचा, घंटी वाजवावयाची, वाट पाहावयाची, सही घ्यावयाची आणि खाली यावयाचे. पाच मिनिटे धरा, आणि ही उदारपणे कमी धरली आहेत. ४८० भागिले ५ म्हणजे ९६ पार्सले. त्यांतली वीस घरी कोणी नाही म्हणून परत येणार आणि उद्या पुन्हा तीच पायपीट. आता त्याच माणसाला ८० खणांचे कपाट द्या. एक पार्सल ठेवण्यास अर्धे मिनिट धरले तर चाळीस मिनिटांत कपाट भरले. पुढच्या कपाटापर्यंत जाण्यास वीस मिनिटे धरा. म्हणजे तासाला एक कपाट, दिवसाला आठ कपाटे, ६४० पार्सले. घरी कोणी नाही हा प्रश्नच नाही. कंपनी स्वतः तर याहून मोठा फरक सांगते. दारोदारच्या वाटपापेक्षा दहापटीहून अधिक पार्सले एक माणूस कपाटांतून देऊ शकतो, असा तिचा दावा आहे. पार्सलाच्या प्रवासातला सर्वांत महाग तुकडा हा शेवटचा असतो, रस्त्यावरून दारापर्यंतचा. कपाटाने तो तुकडाच कापून टाकला आणि ग्राहकाच्या पायांवर सोपविला.

पण गणित येथे संपत नाही, आणि बहुतेकांची चूक येथेच होते. वरील हिशेबात मी कपाट भरलेले धरले. ते दहाच पार्सलांचे असेल तर? वीस मिनिटांच्या प्रवासानंतर पाच मिनिटांचे काम, आणि ७० खण रिकामे. कपाटाची किंमत, जागेचे भाडे, दुरुस्ती, सारे तेवढेच. शिवाय मुदत पाहा. प्रत्येक पार्सल एक दिवस पडून राहिले तर ८० खणांतून रोज ८० पार्सले जातील. दोन दिवस राहिले तर रोज चाळीसच. म्हणून ४८ तास. म्हणून ग्राहकाला पुन्हा पुन्हा आठवण. आणि ग्राहक लवकर केव्हा येईल? कपाट त्याच्या रोजच्या वाटेवर असेल तेव्हा. ते दीड किलोमीटरवर असेल तर रविवार उजाडेपर्यंत पार्सल तेथेच राहील. म्हणजे कपाटे जवळजवळ हवीत; ती जवळजवळ असावयास पार्सले पुष्कळ हवीत; आणि पार्सले पुष्कळ यावयास कपाटे आधी जवळ हवीत. यालाच मी दाटी म्हटले. कोंबडी आधी की अंडे आधी, असा हा पेच आहे, आणि तो सोडवीपर्यंत पैसा ओतत राहावे लागते.

हा पेच कंपनीला चांगलाच भोवला. पोलंडमध्ये थोडा जम बसताच तिने ब्रिटन, फ्रान्स, इटली अशा देशांत आपली कपाटे नेली. यंत्र तेच होते, पण तेथे तिला कोणी ओळखत नव्हते, पार्सलांचा ओघ नव्हता, दाटी नव्हती. परक्या शहरात एकटे उभे असलेले कपाट म्हणजे भाडे मागणारे लोखंड. पैसा वाहून गेला. त्याच सुमारास पत्रांच्या बाजूलाही घाव बसला. २०१४ च्या आरंभापासून पोलंडच्या न्यायालयांची पत्रे सरकारी टपालाऐवजी एका खासगी कंपनीमार्फत जाऊ लागली होती, आणि वाटपासाठी इनपोस्टचे व वर्तमानपत्रांचे ठेले चालविणाऱ्या 'रुख' कंपनीचे जाळे वापरले जात होते. न्यायालयाचे समन्स किराणा दुकानातून अथवा सिगारेटच्या ठेल्यावरून घ्यावे लागते, यावरून तेथे पुष्कळ गहजब झाला. मला विचाराल तर तो गहजब रास्त होता. माणसाच्या खटल्याचा कागद आणि साबणाची वडी एकाच गल्ल्यावरून देऊ नये. दोन वर्षांनी, २०१५ अखेरीस, ते काम पुन्हा सरकारी टपालाकडे गेले. २०१६ साली इनपोस्टने पत्रांचा धंदा बंद केला. ज्यांनी गल्ल्या पायांखाली घातल्या होत्या अशा अनेक माणसांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. कंपनीच्या यशाच्या हकीकती सांगताना हे पान घाईने उलटले जाते, म्हणून मुद्दाम सांगितले.

इंटेगेर २००७ पासून वॉर्साच्या शेअरबाजारात होती. २०१७ साली 'ॲडव्हेंट इंटरनॅशनल' या अमेरिकन गुंतवणूक संस्थेने ती ताब्यात घेतली आणि ती शेअरबाजारातून बाहेर काढली. ब्झोस्का प्रमुख म्हणून कायम राहिला. यानंतर जे झाले त्यात चमत्कार काही नाही. परदेशी पसारा आवरला आणि सारे बळ पोलंडमध्ये कपाटे दाट करण्यावर लावले. तेवढ्यात आलेग्रोने २०१८ साली अशी योजना काढली की ठरावीक वर्गणी भरणाऱ्याला ठरावीक रकमेवरील खरेदी कपाटात फुकट मिळेल. ओघ आला. कपाटे भरू लागली, भरली म्हणून आणखी उभी राहिली, जवळ आली म्हणून आणखी लोक वापरू लागले. पेच सुटला तो असा.

मग २०२० साली कोरोनाची साथ आली. माणसाला माणसाचा स्पर्श नकोसा झाला. दार वाजविणारा नको, सहीची लेखणी नको. कपाट त्या काळासाठीच केल्यासारखे होते. पण साथीने कंपनी मोठी केली असे म्हणणे अर्धवट आहे. साथ सगळ्या जगात आली, दाट जाळे मात्र तेव्हा फार थोड्या देशांत तयार होते. त्या वर्षअखेर पोलंडमधील कपाटे दहा हजारांवर गेली होती. जानेवारी २०२१ मध्ये कंपनीचे शेअर ॲम्स्टरडॅमच्या बाजारात १६ युरोंना विकले गेले, आणि त्या भावाने कंपनीची किंमत ८ अब्ज युरो ठरली. शेअर घेणाऱ्यांनी मात्र फार हुरळून जाण्याचे कारण नव्हते, कारण पुढच्या वर्षी तो भाव निम्म्याहूनही खाली आला होता. २०२१ मध्येच आलेग्रोने स्वतःची कपाटे उभी करण्यास सुरुवात केली. ज्याच्या मालावर आपण वाढलो तोच उद्या शेजारी दुकान मांडतो, हे व्यापारात नवीन नाही.

हाती पैसा येताच कंपनी पुन्हा परदेशी निघाली. या वेळी मात्र तिची चाल वेगळी होती, आणि वाणिज्याच्या विद्यार्थ्यांनी या दोन चाली शेजारी शेजारी मांडून पाहाव्यात. २०२१ साली फ्रान्समध्ये तिने कपाटे घेऊन जाण्याऐवजी 'मोंदिआल रले' ही कंपनी ५६.५ कोटी युरोंना विकत घेतली. या कंपनीकडे यंत्रे नव्हती म्हटले तरी चालेल. तिच्याकडे होती दुकाने. पेठेतला दुकानदार आपल्या गल्ल्यामागे लोकांची पार्सले ठेवून घेतो आणि दर पार्सलामागे थोडे पैसे मिळवितो, अशा हजारो दुकानांचे जुने जाळे. ग्राहकाला पार्सल घ्यावयास चालत जाण्याची सवय आधीच लागलेली. दाटी आयती विकत मिळाली. कपाटे मागाहून आली.

ब्रिटनमधील हकीकत मला अधिकच आवडते. पूर्वी तेथे हात पोळले होते. आता कंपनीने २०२३ साली 'मेन्झीज डिस्ट्रिब्यूशन' या वाटप करणाऱ्या कंपनीत ३० टक्के वाटा घेतला आणि २०२४ च्या ऑक्टोबरात उरलेलाही घेतला. मेन्झीजचे मूळ काम काय? वर्तमानपत्रे आणि मासिके दुकानांपर्यंत पोहोचविणे. या नावाचा धंदा एडिंबरोत १८३३ सालापासूनचा. छापखान्यातून निघालेला गठ्ठा उजाडण्यापूर्वी गावोगावच्या दुकानात पडला पाहिजे, नाहीतर तो रद्दी. असल्या शिस्तीत मुरलेल्या गाड्या, गोदामे आणि माणसे कपाटे भरण्यास किती उपयोगी, हे सांगावयास नको. वर्तमानपत्रांचा खप घटत चालला आहे. गाड्या मात्र पहाटे त्याच रस्त्यांवरून जातात. कागद वाटण्यापासून निघालेला माणूस पंचवीस वर्षांनी पुन्हा कागद वाटणाऱ्यांकडेच गेला. २०२५ च्या एप्रिलमध्ये 'योडेल' ही तेथील पार्सल कंपनीही तिने घेतली. ती दारोदार जाणारी. म्हणजे दार अजून सुटलेले नाही!

कंपनीचा पसारा दोनच आकड्यांत सांगतो. २०२४ अखेर सर्व देशांत मिळून सुमारे ४७ हजार कपाटे, त्यांतली २५ हजारांवर पोलंडमध्ये. आणि त्या एका वर्षात १०० कोटींहून अधिक पार्सले. २०२० साली हाच आकडा ३१ कोटींच्या आसपास होता.

आता पालकांच्या मनात असलेला प्रश्न. ९६ ऐवजी ६४० पार्सले एक माणूस देऊ लागला तर उरलेल्या माणसांचे काय? पोलंडमध्ये पार्सलेच इतकी वाढली की माणसे लागतच राहिली. पण कामाचे स्वरूप बदलले. जिना चढणे गेले. गाडीत शेकडो पार्सले भरणे, ठरावीक वेळेत कपाटामागून कपाट रिकामे करून भरणे आले. हे काम करणारे पुष्कळसे कंपनीचे पगारी नोकर नसून कंत्राटदारांमार्फत राबणारे आहेत. यंत्रामुळे वाचलेला पैसा ग्राहकाला किती, मालकाला किती आणि गाडीवाल्याला किती, हा हिशेब यंत्र करीत नाही; तो करार करतो. आपल्या मुलांनी असल्या धंद्यात शिरताना सही करण्यापूर्वी तो कागद वाचावा, आणि वाचता येत नसेल तर आमच्याकडे आणावा. शिक्षकांची दारे त्यासाठी उघडी आहेत.

म्हातारी माणसे, अपंग माणसे यांचे काय, असेही विचारले जाते. कपाटाचे वरचे दार चाकांच्या खुर्चीवरून गाठता येत नाही. कंपनीने मोबाइलवर अशी सोय ठेवली आहे की ग्राहकाने मागितल्यास पार्सल खालच्या खणात ठेवले जाते. सोय चांगली आहे. पण ज्याला घराबाहेरच पडता येत नाही त्याला दारावरचा माणूसच हवा. सरकारी टपालाने ते दार सोडता कामा नये, असे माझे मत आहे.

मी बराच वेळ घेतला. फळ्यावरचे आकडे इतक्यात पुसू नका. नववी-दहावीच्या मुलांनी ते उतरून घ्यावेत आणि पाच मिनिटांऐवजी आपल्या मोहल्ल्यातील जिन्याला खरोखर किती मिनिटे लागतात ते मोजून गणित पुन्हा करावे.